आईला तुरुंगात धाडून बाळ वाचते काय?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर चार बाळांचा स्नानसंस्कार होता. तीन बाळे आपापल्या आईच्या कुशीत होती. चौथे आजीच्या हातांत होते. ‘बाळाची आई कुठे आहे?’ असे आम्ही विचारले तेव्हा आजीबाईंनी मान खाली घातली. धर्ममाता पुढे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “फादर, ती बाहेर क्रुसापाशी उभी आहे. आत न आलेलीच बरी. सकाळपासून घेतली नाही म्हणते, पण तिचा भरवसा नाही.” मागे उभे असलेले पाहुणे घड्याळाकडे पाहत होते. आम्ही विधी सुरू केला. स्नानसंस्काराच्या उपासनेत अखेरीस बाळाच्या आईसाठी एक स्वतंत्र आशीर्वाद आहे. तोही आम्ही नेहमीप्रमाणे वाचला. ज्या आईसाठी तो होता ती पन्नास पावलांवर उन्हात उभी होती. विधी आटोपून आम्ही बाहेर आलो तेव्हा क्रुसापाशी कोणी नव्हते.

ही आठवण आज जागी होण्याचे कारण म्हणजे अमेरिकेतून आलेली एक आकडेवारी. २४ जून २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द ठरविला. त्या दिवसापासून पुढील एका वर्षात गर्भारपणाशी संबंधित कृत्यांवरून किमान २१० स्त्रियांवर फौजदारी खटले भरले गेले, असे ‘प्रेग्नन्सी जस्टिस’ या संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. ही संस्था गर्भपाताच्या हक्काचा पुरस्कार करणारी आहे आणि तिच्या त्या भूमिकेशी आमचा मूलभूत मतभेद आहे. तथापि हे आकडे न्यायालयीन कागदपत्रांतून जमविलेले आहेत, आणि त्यांत एक गोष्ट डोळ्यांत भरते. हे खटले बहुतांशी गर्भपाताबद्दलचे नाहीत. ते गरोदर असताना मादक पदार्थ घेतल्याबद्दलचे आहेत, आणि त्यांतील मोठा वाटा अलाबामा व ओक्लाहोमा या दोन राज्यांचा आहे. म्हणजे या स्त्रिया मूल नाकारणाऱ्या नव्हेत. पुष्कळजणींनी मूल पोटात वाढविले, जन्माला घातले, आणि त्यानंतर त्यांच्या हातांत बेड्या पडल्या.

अलाबामाचा कायदा कसा घडला हे पाहण्यासारखे आहे. २००६ साली तो झाला तेव्हा त्याचा रोख वेगळाच होता. घरातल्या घरात ‘मेथ’सारखे घातक अमली पदार्थ शिजविले जातात आणि त्या धुरात लहान मुले वावरतात, त्या मुलांना वाचविण्यासाठी तो कायदा होता. पुढे सरकारी वकिलांनी तो गरोदर स्त्रियांना लावण्यास सुरुवात केली. २०१३ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, कायद्यातील ‘मूल’ या शब्दात न जन्मलेले मूलही येते. साध्या गुन्ह्याला एक ते दहा वर्षे कैद, आणि मूल दगावल्यास त्याहून कितीतरी अधिक.

येथे आम्हां ख्रिस्ती श्रद्धावंतांची खरी अडचण सुरू होते, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. उदरातील बाळ हे गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीव आहे ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ रोजी ‘एव्हांजेलियुम विते’ या विश्वपत्रातून ती नव्याने ठामपणे मांडली. मग न्यायालय जेव्हा म्हणते की न जन्मलेले मूलही मूलच आहे, तेव्हा आम्ही मान डोलवायला नको काय? त्या वाक्यापुरती आम्ही ती डोलवितोच. परंतु त्या वाक्यावरून काढलेला निष्कर्ष, म्हणजे आईला कैद करणे, हा त्यातून आपोआप निघत नाही. बाळ मौल्यवान आहे हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न असा उरतो : त्या बाळापर्यंत पोचण्याची वाट कोणती? नऊ महिने तरी ती वाट आईतूनच जाते. दुसरी वाट निसर्गाने ठेवलेली नाही.

ही वाट बंद केली की काय होते, हे अमेरिकेने एकदा नव्हे, अनेकदा अनुभवले आहे.

१९८९ साली साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरात तेथील वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयाने पोलीस व सरकारी वकील यांच्याशी हातमिळवणी केली. बाळंतपणासाठी येणाऱ्या काही स्त्रियांची लघवी, त्यांना कारण न सांगता, कोकेनसाठी तपासली जाऊ लागली. तपासणीत दोष आढळला की अहवाल पोलिसांकडे जाई. आरंभी तर बाळंतीण स्त्रीला थेट अटक होई. पुढे ‘उपचार घ्या, नाहीतर अटक’ असा पर्याय ठेवण्यात आला. एकूण ३० स्त्रियांना अटक झाली आणि त्यांतील एक वगळता सर्व कृष्णवर्णीय होत्या. त्यांपैकी दहाजणी न्यायालयात गेल्या. २१ मार्च २००१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की, रुग्णाच्या संमतीवाचून पोलिसांसाठी अशी तपासणी करणे घटनाबाह्य आहे. डॉक्टरांनी आजाऱ्याचे डॉक्टर राहावे, पोलिसांचे हस्तक होऊ नये, असा त्याचा मथितार्थ. पापनिवेदनाच्या खुर्चीत बसणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना ही गोष्ट समजावयास फारसा वेळ लागत नाही. खुर्चीमागे शिपाई उभा आहे असे कळले, तर गुडघे टेकायला कोण येईल?

त्यानंतरही २०१४ साली टेनेसी राज्याने कायदा केला की, गरोदरपणी मादक पदार्थ घेतल्यामुळे बाळ व्यसनाची लक्षणे घेऊन जन्मले तर आईवर मारहाणीचा गुन्हा दाखल करता येईल. उपचार पुरे करणाऱ्या आईला त्यातून सुटका होती. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. स्त्रिया उपचाराकडे वळतील, अशीच त्यांची अपेक्षा होती. घडले ते उलटे. काहीजणी तपासणीलाच जाईनाशा झाल्या, काहीजणी बाळंतपणासाठी शेजारच्या राज्यांत गेल्याच्या बातम्या आल्या. तो कायदा दोन वर्षांच्या मुदतीचा होता. २०१६ च्या जुलैत मुदत संपली तेव्हा तेथील विधिमंडळाने ती वाढविली नाही.

याहूनही एक जुने प्रकरण आमच्या मनातून जात नाही. १९९२ साली नॉर्थ डकोटा राज्यात एका बेघर, आदिवासी गर्भवतीवर रंगाची वाफ हुंगून पोटातील बाळाला धोक्यात घातल्याचा आरोप ठेवण्यात आला. खटला उभा राहण्याआधी तिने गर्भपात करून घेतला. मग सरकारने आरोप मागे घेतला, कारण संरक्षण द्यावयाचे ते बाळच आता नव्हते. बाळाच्या रक्षणासाठी उगारलेल्या काठीने त्या आईला कोणता दरवाजा दाखविला, हे वाचकांनी आपल्याशीच पाहावे. जीवनाच्या बाजूने बोलणाऱ्या आम्हां सर्वांना हे एक प्रकरण शंभर प्रवचनांपेक्षा अधिक काही सांगून जाते.

कोणी म्हणेल, आईला दया दाखविता, पण तिने बाळाचे जे नुकसान केले त्याचे काय? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी एका बाईंनी जवळजवळ पंचवीस वर्षे घालविली. १९८० च्या दशकात अमेरिकन वृत्तपत्रांनी ‘क्रॅक बेबी’ हा शब्द रूढ केला. कोकेन घेणाऱ्या मातांची मुले मतिमंद निपजतील, ती समाजावर कायमचा भार होतील, एक अख्खी पिढी वाया जाईल, असे भाकीत घरोघरी पोचले. ज्या १९८५ सालच्या शास्त्रीय निबंधाने ही भीती पसरली तो अवघ्या २३ मातांच्या पाहणीवर उभा होता. फिलाडेल्फियातील नवजात बालकांच्या डॉक्टर हॅलम हर्ट यांनी हे तपासून पाहायचे ठरविले. १९८९ पासून त्यांनी २२४ बाळे निवडली. सारी गरीब घरांतील. त्यांतील सुमारे निम्म्या बाळांच्या माता गरोदरपणी कोकेन घेत होत्या, निम्म्यांच्या घेत नव्हत्या. ही मुले मोठी होईपर्यंत त्यांच्या बुद्धीची, शाळेची, वागण्याची तपासणी वेळोवेळी होत राहिली.

चार वर्षांची झाल्यावर कोकेनग्रस्त मातांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ७९ भरला. मग दुसऱ्या गटाचा? ८१.९. दोहोंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण दोन्ही गट सर्वसाधारण मुलांच्या बरेच मागे होते. म्हणजे जे काही या लेकरांना मागे खेचत होते, ते कोकेनच्या पलीकडचे होते. डॉ. हर्ट यांच्या चमूने मग मुलांच्या भोवतालाकडे नजर वळविली. सात वर्षांच्या वयापर्यंत यांतील ८१ टक्के मुलांनी कोणाला तरी अटक होताना पाहिले होते. ७४ टक्क्यांनी बंदुकीच्या गोळ्यांचे आवाज ऐकले होते. ३५ टक्क्यांनी माणसाला गोळी लागताना प्रत्यक्ष पाहिले होते आणि १९ टक्क्यांनी रस्त्यावर पडलेले प्रेत. ज्या मुलांच्या घरी माया होती, कोणी जवळ घेणारे, बोलणारे होते, ती मुले दोन्ही गटांत पुढे निघाली. २०१३ साली ही पाहणी आटोपली तेव्हा निष्कर्ष एवढाच होता की, पोटात पोचलेल्या कोकेनपेक्षा घरातील दारिद्र्याने मुलांचे अधिक नुकसान केले.

याचा अर्थ व्यसन निरुपद्रवी आहे असा कोणी काढू नये. दारूचेच घ्या. गरोदर स्त्रीच्या दारूमुळे बाळाच्या मेंदूला व चेहऱ्याच्या ठेवणीला कायमची इजा होऊ शकते, हे १९७३ सालीच सिएटलच्या डॉक्टरांनी नावानिशी नोंदविले आणि त्याबद्दल आज कोणाला शंका नाही. गंमत अशी की, ज्या पदार्थाचा अपाय इतका निर्विवाद आहे तो दुकानात राजरोस मिळतो, लग्नाच्या मांडवात मानाने फिरतो. कोणाचे व्यसन गुन्हा ठरते आणि कोणाचे नुसते ‘थोडेसे घेतो’, हे पुष्कळदा पदार्थावर अवलंबून नसते; घेणारा कोण आहे, त्याच्या खिशात काय आहे, यावर असते.

आता त्या बाळांची गोष्ट, जी अफूवर्गीय औषधांच्या सवयीसह जन्मतात. अमेरिकेत २०२१, २०२२ व २०२३ या तिन्ही वर्षी अमली पदार्थांच्या अतिसेवनाने दरसाल एक लाखाहून अधिक माणसे दगावली. २०२४ साली हा आकडा प्रथमच झपाट्याने खाली आला. बाळंतपणाच्या मागेपुढे मरण पावणाऱ्या स्त्रियांच्या मृत्यूंमागेही हे एक प्रमुख कारण ठरले आहे. या मातांची बाळे जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरू लागतात, एकसारखी किंचाळतात, दूध ओढत नाहीत. पूर्वीची रीत अशी होती की, बाळाला अतिदक्षता विभागात न्यायचे, गुण देऊन लक्षणे मोजायची आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की मॉर्फिन सुरू करायचे. आई बाहेर. कनेटिकट राज्यातील येल येथील डॉक्टरांनी निराळा प्रयोग केला. त्यांनी तीनच प्रश्न ठेवले : बाळ पितेय का, झोपतेय का, उगी राहतेय का? आणि औषधाआधी त्यांनी आईला बोलाविले. अंधारी, शांत खोली, आईची छाती, तिचा आवाज, जमल्यास तिचेच दूध. ‘ईट, स्लीप, कन्सोल’ असे या पद्धतीचे नाव आहे. पुढे २६ रुग्णालयांतील १,३०५ बाळांवर तिची पारख झाली आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुन्या रीतीने बाळ घरी जाण्यायोग्य व्हायला सरासरी १४.९ दिवस लागत. नव्या रीतीने ८.२ दिवस. औषध द्यावे लागलेल्या बाळांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर आले.

म्हणजे ज्या आईला आपण बाळाचा धोका समजून दाराबाहेर ठेवीत होतो, तीच बाळाचे औषध निघाली. ती पूर्ण बरी झाल्यावर नव्हे. तशी, लढत असतानाच.

पवित्र शास्त्रातील हागारेची कथा आमच्या वाचकांना ठाऊक आहे. उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात अब्राहामाच्या घरातून घालविलेली ही दासी लेकराला घेऊन रानात भटकते. मसकीतले पाणी संपते. लेकराचे मरण डोळ्यांनी पाहवत नाही म्हणून ती त्याला झुडपाखाली टाकून बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसते व रडू लागते. आजच्या भाषेत हिच्यावर मूल टाकून दिल्याचा गुन्हा नोंदविता येईल! परंतु परमेश्वर काय करतो? तो हाक ऐकतो ती मुलाची, आणि बोलतो ते आईशी. तिला विचारपूस करतो, धीर देतो, मुलाला उचलून हाताशी धर असे सांगतो आणि तिचे डोळे उघडतो, तेव्हा तिला विहीर दिसते. पाणी देवदूत मुलाच्या तोंडात घालीत नाही. ते आईच्या मसकीत जाते आणि आई मुलाला पाजते. या अध्यायावर आम्ही अनेक वर्षे प्रवचने केली. पण हा क्रम आमच्या ध्यानात फार उशिरा आला.

अमेरिकेतील बिशपांनी हा क्रम ओळखला, असे म्हणावयास आधार आहे. ‘एव्हांजेलियुम विते’ला पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, तेथील बिशप मंडळाने ‘वॉकिंग विथ मॉम्स इन नीड’ हा उपक्रम सुरू केला. अडचणीतल्या मातांच्या सोबतीने चालणे, असा त्या नावाचा भाव. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या आसपास गरोदर व लेकुरवाळ्या गरजू स्त्रीला कोणती मदत मिळू शकते, याची आधी यादी करावी : दवाखाना, निवारा, पाळणाघर, व्यसनमुक्ती, नोकरी. मग कोठे खिंडार आहे ते पाहावे आणि ते बुजवावे. नेमका तोच काळ कोरोनाच्या टाळेबंदीचा होता, त्यामुळे आरंभ अडखळत झाला, तरी काम चालू राहिले. काही धर्मग्रामांत ते यादीपुरतेच राहिले असणार; समित्यांचा स्वभाव सगळीकडे सारखाच. पण विचाराची दिशा नेमकी आहे. ‘हिने काय केले?’ येथून आरंभ न करता ‘हिला काय लागेल?’ येथून तो होतो.

अर्जेंटिनातील ब्युनॉस आयर्सच्या झोपडपट्ट्यांत हेच काम आधी झाले होते. २००८ सालच्या पवित्र गुरुवारी तेव्हाचे कार्डिनल बेर्गोलिओ, म्हणजे पुढे पोप झालेले आणि २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी गेलेले पोप फ्रान्सिस, ‘विला २१-२४’ या वस्तीत गेले. कोकेनच्या गाळापासून बनणाऱ्या ‘पाको’ या स्वस्त विषात बुडालेल्या तरुणांचे त्यांनी पाय धुतले. त्याच दिवशी फादर पेपे दी पाओला यांच्या ‘ओगार दे क्रिस्तो’ या कार्याला सुरुवात झाली. दारात येणारे आयुष्य जसे येईल तसे स्वीकारायचे, हे त्यांचे सूत्र. आधी पेज, आंघोळ, झोपायला जागा, अटी नंतर. २०१२ साली याच बेर्गोलिओंनी अविवाहित मातांच्या बाळांना स्नानसंस्कार नाकारणाऱ्या धर्मगुरूंना सर्वांदेखत फटकारले होते. ते भाषण आम्ही प्रथम वाचले तेव्हा, ‘आम्ही तर कोणाला नाकारले नाही’ असे मनाशी म्हटले. क्रुसापाशी उभी असलेली ती बाई तेव्हा आठवली नाही.

दया म्हणजे डोळेझाक नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. काही प्रसंग असे असतात की मूल काही काळ आईपासून दूर ठेवावेच लागते. शुद्ध हरपलेल्या आईच्या शेजारी पेटती चूल आणि रांगते मूल असेल, तर कायद्याला आणि शेजाऱ्यांना मध्ये पडावेच लागेल. कठोर शब्दाचा कधीच उपयोग होत नाही, असेही नाही. संत मोनिका ही आपण मातांची आश्रयदात्री मानतो. तिच्याविषयी संत ऑगस्टिन यांनी ‘कन्फेशन्स’च्या नवव्या भागात लिहून ठेवले आहे की, मुलीच्या वयात तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला धाडीत, ती आधी ओठ ओले करी, मग घोट घेऊ लागली, आणि शेवटी पेल्यापर्यंत मजल गेली. एकदा भांडणात घरच्या दासीने तिला ‘दारुडी’ म्हणून हिणविले. तो शब्द जिव्हारी लागला आणि तिने पिणे सोडले. येथे टोमण्याने काम केले, हे खरे आहे. परंतु मोनिका सुस्थितीतल्या घरची मुलगी होती. तो टोमणा ऐकून परतायला तिच्यापाशी घर होते, माणसे होती. ज्या बाईपाशी यांतले काहीच नाही तिला तोच शब्द कोठे नेईल?

आता आपल्या अंगणात येऊ. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातील २७.३ टक्के पुरुष दारू घेतात असे आढळले. स्त्रियांत हे प्रमाण १.६ टक्के. हा आकडा वाचून आपल्याला हायसे वाटते आणि तेथेच घात होतो. महाराष्ट्रात स्त्रिया दारूच्या विरोधात उभ्या राहिल्या. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान करून त्यांनी गावोगावची दुकाने बंद पाडली. आपल्या मनात दारू आणि स्त्री यांचे नाते एवढेच आहे : तो पितो, ती सोसते. मग जी स्वतः पिते तिला या चित्रात जागाच उरत नाही. प्यायलेला पुरुष घरी आला तर ‘आजारी आहे बिचारा’ असे म्हणणारी तोंडे बाईच्या बाबतीत जे शब्द वापरतात ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. म्हणून ती लपविते. दार लावून घेते, मोरीत घेते, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत घेते. उघडकीस येते तोवर यकृत गेलेले असते.

शिवाय बाईचे व्यसन म्हणजे दारूच असे नाही. मिश्री कोणाच्या आजीने लावली नाही? भाजलेली तंबाखू दातांवर घासणे याला आपण व्यसन म्हणतच नाही. दात शिवशिवतात, भूक मरते, काम ओढता येते, एवढेच लावणारी सांगते. भूक मरते हे वाक्य आपण ऐकून सोडून देतो. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली आणि २००४ साली ब्रिटनच्या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात तिचा वृत्तांत आला. मिश्रीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची होती आणि दिवस भरण्यापूर्वी जन्मण्याचा धोकाही अधिक होता. त्या बाईला दटावण्यापूर्वी तिच्या डब्यात दुपारची भाकरी होती का, हे विचारलेले बरे.

उपचाराची वाट आपल्याकडे नाही असे नाही. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याला ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. ते काम वसईपर्यंत आले आणि आपल्यातील कितीतरी घरे त्यामुळे सावरली. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभे केले; तेथे पुढे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग झाला. कायदाही मागे नाही. २०१७ सालचा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनाला गुन्हा न मानता आजारात गणतो. त्यात असेही म्हटले आहे की, उपचारासाठी दाखल झालेल्या आईचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून तोडू नये. अमेरिकेतील कित्येक राज्यांनी वर्षानुवर्षे ठेचा खाऊन जे शिकले ते आपल्या संसदेने एका कलमात लिहून ठेवले आहे. मात्र ते कलम पाळता येईल अशा खाटा किती? आपल्या आसपासची बहुतेक केंद्रे पुरुषांना नजरेसमोर ठेवून उभी राहिली आहेत. आई आणि तान्हे मूल एकत्र घेणारी जागा शोधू लागलो की फोनवर एकच उत्तर मिळते : बाईंना घेऊ, मूल घरी ठेवा.

आणि मूल घरी कोणापाशी? येथेच सारे अडते. नवरा असेल तर बहुधा तोही पिणारा किंवा परागंदा. आजी थकलेली. पुरुष केंद्रात जातो तेव्हा घर सांभाळायला बायको असते; बायको जाते तेव्हा घर सांभाळणारे कोणी नसते. म्हणून ती जात नाही, आणि आपण म्हणतो, ‘तिला सुधारायचेच नाही.’

धर्मग्रामाला येथे करण्यासारखे काम आहे, आणि त्याला इमारत लागत नाही. आपल्याकडे सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था आहे, महिला मंडळे आहेत, शेजार गट आहेत, निवृत्त परिचारिका आहेत, पाळणाघरे चालविणाऱ्या धर्मभगिनी आहेत. आई तीन महिने उपचाराला गेली तर तेवढे दिवस लेकरू सांभाळणारी दोन-चार घरे. आठवड्यातून एकदा लेकराला तिच्या भेटीला नेणारा एक माणूस. ती परत येईल त्या दिवशी घरात डाळ-तांदूळ. आणि तिला मिस्साला येताना शेजारी बसणारी एक बाई. यांतले शेवटचे सर्वांत अवघड आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

त्या स्नानसंस्कारानंतर सुमारे वर्षभराने ती आजी आमच्याकडे आली होती. लेक केंद्रात जायला तयार झाली होती. आजीचा प्रश्न एकच होता, “फादर, ती तिकडे गेली तर या लेकराला कोण बघील? माझे गुडघे चालत नाहीत.” आम्ही त्या दिवशी ‘प्रार्थना करू’ असे म्हणालो आणि तिला पाठविले, कारण दुसरे काही उत्तर आमच्यापाशी नव्हते. लेक गेली नाही. आज आमच्या टेबलाच्या खणात एक वही आहे. तीत चार कुटुंबांची नावे आहेत; ‘तान्हे मूल असले तरी चालेल’ असे त्यांपैकी दोघांनी लिहून दिले आहे. उरलेली पाने कोरी आहेत. ज्यांना आपले नाव द्यावयाचे आहे त्यांनी मिस्सानंतर कचेरीत यावे.